सायकल चालवताना ओळख आणि इमर्जन्सी माहिती सोबत कशी ठेवाल?

मोटरसायकलचा अपघात झाला आणि चालवणारा बोलण्याच्या स्थितीत नसला, तरी गाडीला नंबर प्लेट असते. पोलीस त्यावरून मालकाचं नाव काढतात. खिशात बहुतेक वेळा पाकीट आणि लायसन्सही असतं. सायकलचं तसं नाही. तिला नंबर प्लेट नसते, चालवायला लायसन्स लागत नाही आणि सायकलिंगच्या शॉर्ट्समध्ये पाकीट ठेवायला जागा नसते. सोबत असतो तो फक्त फोन, आणि तो लॉक असतो.

अशा वेळी हॉस्पिटल उपचार सुरू करतं, पण केसपेपरवर नावाच्या जागी 'अनोळखी' लिहिलं जातं. घरच्यांना वाटतं, आज राइड लांबली असेल.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि आठवड्यातून दोन-तीनदा पुण्याच्या आसपास सायकल चालवतो. सिस्टिम बनवताना आम्ही एक प्रश्न सतत विचारतो : हा भाग बंद पडला तर पुढे काय? तोच प्रश्न इथे विचारा. फोन फुटला, बॅटरी संपली, घाटात रेंज नाही, तर तुम्ही कोण आहात हे कुणाला कळेल का? माझं उत्तर सरळ आहे. पहिला थर कागदाचा, दुसरा फोनचा, बाकी सगळी गॅजेट्स तिसऱ्या थरात.

## ही माहिती कोण वाचणार?

आधी हे ठरवा, मग काय लिहायचं ते आपोआप कळतं.

रस्त्यावरचा माणूस. दूधवाला, रिक्षावाले काका, मागून आलेला दुसरा सायकलवाला. त्याला एकच गोष्ट हवी असते : कुणाला फोन करू?

अ‍ॅम्ब्युलन्समधले आणि कॅज्युअल्टीतले डॉक्टर. त्यांना तुमचं वय, अ‍ॅलर्जी, चालू औषधं आणि जुने आजार कळायला हवेत.

पोलीस. त्यांना नाव आणि नातेवाइकाचा नंबर हवा असतो.

आपण सगळे रक्तगट आधी लिहितो. जरूर लिहा, पण त्यावर फार विसंबू नका. कार्डावर लिहिलंय म्हणून कुठलंही हॉस्पिटल त्या गटाचं रक्त चढवत नाही. ते रक्तगट तपासून आणि क्रॉसमॅच करूनच रक्त देतात. अगदीच वेळ नसेल तर ओ गटाचं रक्त वापरतात. त्यापेक्षा 'पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी', 'इन्सुलिन घेतो', 'फिट येतात', 'रक्त पातळ होण्याची गोळी चालू' असली एखादी ओळ जास्त उपयोगाची ठरते, कारण बेशुद्ध माणसाबद्दल या गोष्टी डॉक्टरांना लगेच कळत नाहीत.

## पहिला थर : कार्ड

एटीएम कार्डाएवढा कागद पुरतो. त्यावर इतकंच लिहा :

- पूर्ण नाव आणि जन्मवर्ष
- दोन माणसांचे नंबर, नात्यासह : 'आई', 'भाऊ', 'रूममेट'
- अ‍ॅलर्जी, आजार, चालू औषधं. काहीच नसेल तर 'काही नाही' असं स्पष्ट लिहा. रिकामी जागा पाहून वाचणाऱ्याला कळत नाही की आजार नाही की लिहायचं राहिलंय
- रक्तगट

नाव आणि नातं मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे लिहा. फोन नंबर मात्र इंग्रजी आकड्यांत लिहा, कारण हायवेवर थांबलेला ट्रकवाला कुठल्याही राज्यातला असू शकतो.

काय लिहू नका? पूर्ण आधार नंबर, घराचा पत्ता, जन्मतारीख. कार्ड हरवलं तर ते कुणाच्याही हातात पडेल. ओळखपत्राची प्रत ठेवायचीच असेल तर 'मास्क्ड आधार' डाउनलोड करून तिची प्रिंट ठेवा. त्यात नंबरचे फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. डिजिलॉकरमधली कागदपत्रं कायद्याने ग्राह्य आहेत, पण ती उघडायला तुम्ही शुद्धीवर हवेत, हे विसरू नका.

इंकजेट प्रिंट घामाने पसरते. झेरॉक्सच्या दुकानात लेझर प्रिंट काढून लॅमिनेट करून घ्या, किंवा ऑफिसच्या आयडीसारखं प्लास्टिक कार्ड बनवून घ्या.

कुठे ठेवायचं? कार्ड तुमच्या अंगावर हवं, फक्त सायकलवर नको. सीटखालच्या बॅगेत ठेवलेलं कार्ड सायकलसोबत रस्त्यावरच राहतं आणि तुम्ही अ‍ॅम्ब्युलन्समधून निघून जाता. हेल्मेटच्या आत स्टिकर चांगला, पण हेल्मेट काढून बाजूला ठेवलं जातं. कॅज्युअल्टीत कपडे कापावे लागले तर जर्सीचा खिसाही गेला. म्हणून मनगट किंवा गळा ही सगळ्यात भरवशाची जागा. नाव आणि नंबर कोरलेले रिस्टबँड ऑनलाइन मिळतात. नाहीतर किचेनवर नाव कोरून देणाऱ्याकडून स्टीलची छोटी पट्टी बनवून घ्या. मी मनगटावर पट्टी घालतो आणि जर्सीच्या मागच्या खिशात कार्ड ठेवतो.

## दुसरा थर : लॉक स्क्रीन

२००५ साली इंग्लंडमधले पॅरामेडिक बॉब ब्रॉची यांनी एक साधी कल्पना मांडली : फोनमध्ये जवळच्या माणसाचा नंबर 'आइस' या नावाने सेव्ह करा. 'इन केस ऑफ इमर्जन्सी'चं हे लघुरूप. कल्पना जगभर पसरली, कारण तेव्हाच्या कीपॅडच्या फोनमध्ये कुणीही कॉन्टॅक्ट लिस्ट उघडू शकत असे. आज फोन पासवर्डशिवाय उघडत नाही, त्यामुळे नुसतं 'आइस' सेव्ह करून भागत नाही. माहिती लॉक स्क्रीनवरूनच दिसायला हवी.

अँड्रॉइड : सेटिंग्ज उघडा आणि वरच्या सर्चमध्ये 'इमर्जन्सी' टाइप करा. बऱ्याच फोनमध्ये 'सेफ्टी अँड इमर्जन्सी' असा विभाग सापडेल. कंपनीनुसार नाव थोडं बदलतं. तिथे मेडिकल माहिती आणि इमर्जन्सी कॉन्टॅक्ट भरा. लॉक स्क्रीनवर माहिती दाखवण्याचा पर्याय वेगळा असेल तर तोही सुरू करा.

आयफोन : 'हेल्थ' अ‍ॅप उघडा, वर उजवीकडे तुमच्या फोटोवर टॅप करा, मग 'मेडिकल आयडी' आणि 'एडिट'. माहिती भरून 'शो व्हेन लॉक्ड' सुरू करा. हा पर्याय बंद राहिला तर लॉक असलेल्या फोनवर काहीच दिसणार नाही.

आता टेस्टिंग. फोन लॉक करा, मित्राच्या हातात द्या आणि म्हणा, 'माझ्या आईचा नंबर शोध.' लॉक स्क्रीनवर 'इमर्जन्सी' आणि मग मेडिकल माहिती, असा तो रस्ता आहे. मी ऑफिसमध्ये हा प्रयोग केला, तेव्हा दोघांनी बराच वेळ स्क्रीन वरखाली सरकवून फोन परत दिला. दोघंही डेव्हलपर. मग रस्त्यावरच्या माणसाचं काय होईल?

त्यावर सोपा उपाय आहे. लॉक स्क्रीनच्या वॉलपेपरवरच 'इमर्जन्सी : आई' आणि नंबर टाका. दिसायला भारी नाही, पण शोधावं काहीच लागत नाही.

## ज्याला फोन जाणार, तो उचलेल का?

ही गोष्ट बहुतेक जण विसरतात. रविवारी सकाळी सहा वाजता अनोळखी नंबरवरून कॉल आला, तर तुमचा भाऊ उचलेल? त्याचा फोन 'डू नॉट डिस्टर्ब'वर असेल आणि कॉल तुमच्या नंबरवरून येणार नसल्यामुळे तुम्हाला फेव्हरिट करून ठेवल्याचा काही उपयोग नाही.

त्याच्या फोनमध्ये 'डू नॉट डिस्टर्ब'च्या सेटिंगमध्ये जाऊन वारंवार येणाऱ्या कॉलला परवानगी द्या. मग त्याच नंबरवरून दुसऱ्यांदा कॉल आला की फोन वाजतो. आयफोनमध्ये दुसरा कॉल तीन मिनिटांच्या आत यावा लागतो, अँड्रॉइडमध्ये साधारण पंधरा मिनिटांच्या आत. अनोळखी कॉल बंद करणारं सेटिंग किंवा अ‍ॅप असेल तर तेही बघा. आणि कार्डावर एक ओळ लिहा : 'उचलला नाही तर लगेच परत करा.'

दोन नंबरांपैकी एक तरी तुमच्यासोबत राइडला न येणाऱ्या माणसाचा हवा. त्याच्याकडे तुमच्या हेल्थ इन्शुरन्स कार्डाचा फोटोही पाठवून ठेवा.

## तिसरा थर : एसओएस, घड्याळ आणि लाइव्ह लोकेशन

एसओएस बटण : २०१६ च्या सरकारी नियमांनुसार १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये पॅनिक बटणाची सोय लागते. स्मार्टफोनसाठी त्यात पॉवर बटण पटापट तीनदा दाबण्याचा पर्याय आहे. आजच्या काही फोनमध्ये तीनदा दाबावं लागतं, काहींत पाचदा. तुमच्या फोनमध्ये कसं आहे ते सेटिंग्जमध्ये वाचून घ्या. उगाच दाबून बघू नका, कॉल खरोखर ११२ ला लागतो.

क्रॅश डिटेक्शन : आयफोन १४ आणि पुढच्या मॉडेलमधली ही सोय मोटारीच्या जोरदार धडकेसाठी आहे, सायकलवरून पडण्यासाठी नाही. अ‍ॅपल वॉचमध्ये सिरीज ४ पासून 'फॉल डिटेक्शन' आहे. जोरात पडल्यावर तुम्ही साधारण मिनिटभर हालचाल केली नाही तर ते स्वतः कॉल लावतं. गार्मिनचं 'इन्सिडेंट डिटेक्शन' तुमच्या कॉन्टॅक्टना मेसेज पाठवतं, पण जोडलेल्या फोनमार्फत. म्हणजे फोन चालू हवा आणि त्याला नेटवर्क हवं.

लाइव्ह लोकेशन : व्हॉट्सअ‍ॅपवर १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास लोकेशन शेअर करता येतं. लांबच्या राइडला ८ तास निवडा. ताम्हिणीसारख्या घाटात रेंज जाते, तिथे नकाशावर तुमचा शेवटचा ठिपका तसाच राहतो. म्हणून निघताना रूट आणि परत यायची वेळ मेसेजमध्ये लिहा : 'अकरापर्यंत आलो नाही तर फोन कर.' शोधाशोध कधी सुरू करायची हे त्यामुळे ठरतं.

क्यूआर कोडचे स्टिकर : इंजिनिअर म्हणून मला ही आयडिया आवडते, पण एकट्या क्यूआरवर भिस्त ठेवू नका. स्कॅन करणाऱ्याकडे नेट हवं, कंपनीचा सर्व्हर चालू हवा आणि सबस्क्रिप्शन संपलेलं नको. शिवाय तो कोड स्कॅन करायचा असतो हे त्या माणसाला सुचायला हवं. छापलेल्या दहा आकडी नंबराला यातलं काहीच लागत नाही. क्यूआर हवाच असेल तर नंबराच्या शेजारी छापा.

## मदत करणाऱ्यासाठी दोन ओळी

लोक थांबायला घाबरतात ते पोलिसांच्या चौकशीमुळे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ अ आलं. चांगल्या हेतूने मदत करताना काही चुकलं म्हणून त्या माणसावर खटला भरता येत नाही. २०२० च्या नियमांप्रमाणे त्याला स्वतःचं नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. हे तुमच्या सायकल ग्रुपमध्ये सगळ्यांना माहीत असू द्या.

महाराष्ट्रात १०८ ची अ‍ॅम्ब्युलन्स मोफत आहे. ११२ वर पोलीस, अग्निशमन आणि वैद्यकीय मदत एकाच नंबरवर मिळते. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. फोनवर नुसतं 'घाटात' असं न सांगता किलोमीटरच्या दगडावरचा आकडा किंवा जवळच्या हॉटेलचं, पंपाचं नाव सांगा.

## आजच करा

1. कार्ड लिहा, लॅमिनेट करा, अंगावर ठेवा.
2. लॉक स्क्रीनवरची माहिती भरा आणि मित्राकडून तपासून घ्या.
3. दोन्ही कॉन्टॅक्टना सांगा की त्यांचे नंबर तुम्ही दिलेत, आणि त्यांच्या फोनची सेटिंग्ज बघा.
4. औषध किंवा नंबर बदलला की कार्ड बदला. वर्षातून एकदा वाढदिवसाला तपासायचं ठरवलं तर लक्षात राहतं.

या सगळ्याला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागत नाही. ज्यांच्यासोबत तुम्ही सायकल चालवता, त्यांना पुढच्या राइडला निघण्याआधी एवढंच विचारा : तुझं कार्ड कुठे आहे?