दोन लाख फोटोंना मेमरी किती लागते? फोटो-व्यवस्थापन सॉफ्टवेअरचा छोटा इतिहास



मी बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये राहतो. आमच्या मजल्यावर मूळच्या नाशिकच्या एक मावशी राहतात. त्यांच्या यजमानांना, म्हणजे काकांना, फोटोग्राफीचा मोठा छंद होता. गेल्या वर्षी काका गेले. वर्षश्राद्धाच्या आधी मावशींना त्यांचा एक ठरावीक फोटो हवा होता, त्र्यंबकेश्वरच्या सहलीतला, निळा स्वेटर घातलेला. संग्रहात सुमारे दोन लाख फोटो. लॅपटॉपवर सॉफ्टवेअर उघडले की दहा-दहा मिनिटे नुसते चक्र फिरायचे. दुकानदार म्हणाला, "एवढे फोटो असतील तर रॅम आठवरून ३२ जीबी करावीच लागेल." मावशींनी मला विचारले, "सर, तुम्ही मुलांना हेच शिकवता ना? मग खरंच एवढे पैसे घालायचे का?"

हा प्रश्न तुम्हालाही कधीतरी कोणीतरी विचारणार आहे. त्याचे उत्तर या सॉफ्टवेअरच्या इतिहासात सापडते, म्हणून आज तो इतिहास पाहू.

आधी थोडा हिशेब

२४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ६००० × ४००० ठिपके. जेपेग फाइल म्हणून तो डिस्कवर साधारण ८ एमबी जागा घेतो. पण पडद्यावर दाखवण्यासाठी तो उलगडावा लागतो. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा असे तीन बाइट धरले, तर एक फोटो मेमरीत ७२ एमबी होतो. दोन लाख फोटो असे एकाच वेळी उलगडले, तर १४.४ टीबी रॅम लागेल.

एवढी रॅम कोणत्याही घरगुती संगणकात नसते, आणि तरीही असे संग्रह रोज उघडले जातात. म्हणजे सॉफ्टवेअर सगळे फोटो मेमरीत आणत नाही. मग ते काय आणते? इतिहासाच्या प्रत्येक टप्प्यावर हाच प्रश्न विचारायचा.

पहिला टप्पा: लहान प्रत

१९७५ मध्ये कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. त्याचा फोटो १०० × १०० ठिपक्यांचा होता आणि तो कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद लागत. तेव्हा संग्रह सांभाळण्याचा प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न नव्वदच्या दशकात आला. १९९२ मध्ये कोडॅकने 'फोटो सीडी' बाजारात आणली. तिच्यातला मोठा फोटो ३०७२ × २०४८ ठिपक्यांचा, म्हणजे उलगडल्यावर सुमारे १८ एमबी. त्या काळच्या घरगुती संगणकात ४ किंवा ८ एमबी रॅम असे, त्यामुळे एकच फोटो संपूर्ण मेमरीपेक्षा मोठा ठरत होता. यावर उपाय असा केला की प्रत्येक फोटोच्या अनेक आकारांच्या प्रती सीडीवरच ठेवल्या. सर्वात लहान प्रत १९२ × १२८ ठिपक्यांची, म्हणजे सुमारे ७२ केबी. चाळताना लहान प्रत दाखवायची आणि मोठी मागितल्यावरच उघडायची.

१९९५ मध्ये जपानमध्ये एक्झिफ हे मानक आले. त्यामुळे कॅमेराच फाइलच्या आत तारीख, वेळ, शटरचा वेग आणि एक छोटी प्रत लिहू लागला. या छोट्या प्रतीला आपण थंबनेल म्हणतो.

दुसरा टप्पा: नोंदवही

२००१-०२ च्या सुमारास डिजिटल कॅमेरे घराघरांत आले आणि फोल्डरमध्ये फोटो शोधणे अशक्य होऊ लागले. रेंची राजू यांनी २००१ मध्ये डिजिकॅम या मुक्त सॉफ्टवेअरचे काम सुरू केले. २००२ मध्ये अ‍ॅपलचे आयफोटो आणि विंडोजवरचे पिकासा आले. २००४ मध्ये गूगलने पिकासा विकत घेतले. २००७ मध्ये अडोबीचे लाइटरूम आले.

या सगळ्यांची मूळ कल्पना एकच होती: फोटोंची वेगळी नोंदवही ठेवा. त्या नोंदवहीला कॅटलॉग म्हणतात. लाइटरूमचा कॅटलॉग ही एसक्यूलाइट या डेटाबेसची फाइल असते, आणि डिजिकॅमही आपल्या नोंदी एसक्यूलाइटमध्ये ठेवू शकते.

ही कल्पना संगणकाआधीची आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात हजारो रुमाल आहेत, म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गाठोडी. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. पण म्हणून सगळे रुमाल एकाच वेळी टेबलावर सोडता येत नाहीत. यादी पाहायची, हवा तो रुमाल मागवायचा, काम झाले की परत बांधून ठेवायचा. दफ्तर कितीही वाढले तरी टेबल तेवढेच पुरते. यात टेबल म्हणजे रॅम, कपाटे म्हणजे डिस्क आणि यादी म्हणजे कॅटलॉग.

संगणकशास्त्रात हा विचार पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये 'वर्किंग सेट' या नावाने मांडला. एखाद्या प्रोग्रामला मेमरी किती लागते, हे त्याच्याजवळच्या एकूण डेटावरून ठरत नाही. नजीकच्या काळात तो ज्या भागाला हात लावतो, तेवढा भाग मेमरीत बसला की काम सुरळीत चालते. तो बसला नाही, तर डिस्कवरून सारखी ने-आण सुरू होते आणि संगणक रखडतो.

आता पुन्हा हिशेब करू. एका फोटोची नोंद १ केबी धरली, तर दोन लाख नोंदी २०० एमबी होतात. त्याही सगळ्या मेमरीत लागत नाहीत. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बी-ट्री या रचनेमुळे, तारखेवर इंडेक्स असेल तर लाखो नोंदींतून हवी ती नोंद मोजकीच पाने वाचून सापडते. एसक्यूलाइट तर अशा पानांसाठी मूळ सेटिंगमध्ये सुमारे २ एमबीच राखून ठेवते. पडद्यावर दिसणारी ५० थंबनेल २५६ × २५६ ठिपक्यांची धरली, तर ती सुमारे १० एमबी होतात.

म्हणूनच जानेवारी २००६ मध्ये अ‍ॅपलने आयफोटोची मर्यादा २५,००० वरून अडीच लाख फोटोंवर नेली, तेव्हा रॅम दहापट करावी लागली नाही. बदल नोंदवहीच्या रचनेत होता.

मग रॅमची मागणी वाढली कशामुळे?

लाइटरूमला सुरुवातीला १ जीबीच्या आसपास रॅम पुरे. आज लाइटरूम क्लासिकसाठी किमान ८ आणि शक्यतो १६ जीबी सांगतात. या मागणीमागे फोटोंची संख्या नसून एकेका फोटोवर होणारे काम आहे. संपादनात दर रंगाला १६ बिट वापरले, की ७२ एमबीचा फोटो १४४ एमबी होतो. असे आठ फोटो जोडून एक रुंद चित्र करायचे, तर मूळ फोटोंनाच ११५२ एमबी लागतात, आणि मधल्या प्रती वेगळ्या.

याच काळात ३२ बिटची भिंतही आडवी आली. ३२ बिटच्या पत्त्याने ४ जीबीपलीकडे पोहोचता येत नाही, आणि ३२ बिट विंडोजमध्ये एका प्रोग्रामला साधारणपणे २ जीबीच मिळत. २००८ च्या लाइटरूम २ पासून ६४ बिटची सोय झाली. त्यानंतरच जास्त रॅम घेण्याला अर्थ आला.

तिसरा टप्पा: ओळख

२०१५ मध्ये गूगल फोटोज आले आणि 'समुद्र' असे लिहिले की समुद्राचे फोटो दिसू लागले. त्याच वर्षी गूगलच्या संशोधकांनी फेसनेट ही पद्धत मांडली. तिच्यात प्रत्येक चेहरा १२८ आकड्यांत बदलला जातो. २०२१ मध्ये ओपनएआयने क्लिप हे मॉडेल दिले. त्याच्या एका प्रचलित आवृत्तीत प्रत्येक फोटोचे ५१२ आकडे होतात.

हा टप्पा नीट समजून घ्या. एक आकडा ४ बाइटचा, म्हणजे एका फोटोला २ केबी. दोन लाख फोटोंना ४०० एमबी. 'निळा स्वेटर' शोधताना या सगळ्या आकड्यांशी तुलना करायची असते, म्हणून ते मेमरीत असलेले बरे. येथे फोटोंच्या संख्येबरोबर मेमरी खरोखर वाढते. शिवाय मॉडेललाच सुमारे ६०० एमबी लागतात, मग फोटो दोनशे असोत की दोन लाख.

एन्टे या बंगळुरूत घडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो कूटबद्ध होऊनच सर्व्हरवर जातात, त्यामुळे सर्व्हरला ते दिसत नाहीत. साहजिकच ओळखण्याचे काम तुमच्या फोनवर होते. खासगीपणाची किंमत येथे फोनच्या मेमरीत मोजावी लागते.

मावशींच्या लॅपटॉपचे काय झाले?

आम्ही टास्क मॅनेजर उघडला. आठपैकी जेमतेम पाच जीबी रॅम वापरात होती, पण बाहेरून जोडलेली डिस्क सतत १०० टक्के व्यस्त होती. कॅटलॉग आणि थंबनेल दोन्ही त्या जुन्या फिरत्या डिस्कवर होते. दफ्तराच्या भाषेत सांगायचे तर टेबल पुरेसे होते, पण यादीच दूरच्या गोदामात ठेवलेली होती. आम्ही कॅटलॉग आणि थंबनेल लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवर हलवले. फोटो होते तिथेच राहिले. रॅमवर एक रुपयाही खर्च झाला नाही. तारखेवरून शोधत संध्याकाळपर्यंत काका सापडले. स्वेटर निळा नव्हता, राखाडी होता. मावशी बराच वेळ त्या फोटोकडे पाहत होत्या.

तेव्हा कोणी विचारले तर आधी मोजा, मग सांगा. रॅम भरलेली असेल आणि डिस्कशी ने-आण चालू असेल, तर रॅम वाढवा. डिस्कच रखडत असेल, तर कॅटलॉग हलवा. नुसते फोटो चाळताना मेमरी वाढतच राहिली आणि कधीच खाली आली नाही, तर दोष सॉफ्टवेअरमध्ये असण्याची शक्यता आहे. तिथे रॅम घालून दोष फक्त थोडा उशिरा दिसेल.

विचार करण्यासाठी प्रश्न

१. तुमच्या घरच्या संग्रहातील फोटोंची संख्या घेऊन नोंदी, पडद्यावरची थंबनेल आणि ओळखीचे आकडे यांना लागणाऱ्या मेमरीचा अंदाज काढा.

२. प्रत्येक फोटोत सरासरी तीन चेहरे धरले आणि दर चेहऱ्याला १२८ आकडे धरले, तर दोन लाख फोटोंसाठी किती मेमरी लागेल? एक आकडा ४ ऐवजी १ बाइटात ठेवला तर काय मिळेल आणि काय गमवावे लागेल?

३. वरील तीन टप्प्यांपैकी कोणत्या टप्प्यात मेमरीची गरज फोटोंच्या संख्येवर अवलंबून आहे आणि कोणत्या टप्प्यात नाही, ते कारणांसह लिहा.