टिकलीची कुळकथा

वाशीत छातीचा एक्स-रे काढायला गेलो, तेव्हा तंत्रज्ञाच्या खिशाला अडकवलेला किरणमापक बिल्ला पहिल्यांदा निरखून पाहिला. त्यात पत्र्यावर बसवलेल्या तीन टिकल्या असतात, जेमतेम 13 मिलिमीटरच्या. तारापूरच्या अणुवीज केंद्रातला कामगारही असाच बिल्ला लावतो. टिकल्या कॅल्शियम सल्फेटच्या, त्यात चिमूटभर डिस्प्रोसियम. तापवल्या की त्यांच्यात मुरलेली किरणांची मात्रा उजेड होऊन बाहेर पडते. दोन झाकलेल्या, तिसरी उघडी. त्वचेला किती लागलं ते या उघडीवरून काढतात.

या बिल्ल्याची रूढ वंशावळ अशी: आधी फिल्मचा बिल्ला, मग 1970 च्या दशकात भाभा अणुसंशोधन केंद्राचा हा. मला ती पटत नाही. टिकलीची खरी पणजी पॅरिसच्या सेंट-लुई रुग्णालयात, पोरांच्या डोक्यातले खवडे बरे करताना जन्मली.

1904 मध्ये रेमों साबुरो आणि आँरी न्वारे क्ष-किरणांनी खवड्याचे केस गळवत. किरण कमी पडले तर केस गळत नाहीत; जास्त झाले तर कातडी भाजते आणि टक्कल कायमचं. म्हणून क्ष-किरणांची नळी आणि डोकं यांच्या बरोबर मध्ये बेरियम प्लॅटिनोसायनाइडची टिकली ठेवायची. हिरवट टिकली ठरलेल्या तपकिरी छटेवर आली की थांबायचं. निम्म्या अंतरावर किरण चौपट, म्हणजे डोक्याच्या चौपट टिकलीला. व्हिएन्नात होल्त्सक्नेख्टने 1902 मध्येच रंग बदलणारे क्षार वापरले होते, हे मान्य. पण अंतराचा हिशेबच मापात बसवला तो या दोघांनी.

फिल्म एकदा काळवंडली की संपली. पॅरिसची टिकली मात्र दिवसाच्या उजेडात ठेवली की पुन्हा हिरवी होई, आपली टिकली भट्टीत तापवली की पुन्हा कोरी. एवढं साम्य योगायोगाचं नाही, असं माझं ठाम मत आहे.

‘डोस’ हा शब्द ग्रीक ‘देणे’वरून आला, संस्कृत ‘दा’चा सख्खा नातेवाईक. ‘मात्रा’ आली ‘मा’वरून, म्हणजे मोजणे. खवड्यांना डोस दिला जाई. पण अणुभट्टीतल्या कोबाल्ट-60 चा, डोळ्याला न दिसणारा कण बाहीला चिकटतो तेव्हा कोणी काही देत नाही; तिथे मात्राच हवी.

आणि तिथे बिल्लाही अपुरा. छातीवरच्या टिकलीला मनगटावरच्या कणाचे बीटा किरण फारसे पोहोचतच नाहीत. कातडीसाठी वर्षाची मर्यादा 500 मिलिसिव्हर्ट, ती धरायची एका चौरस सेंटिमीटरवर आणि कातडीच्या 0.07 मिलिमीटर खाली, जिथे नव्या पेशी तयार होतात. मग कण चिकटपट्टीने उचलतात, गॅमा किरणांवरून त्यातलं द्रव्य आणि त्याची सक्रियता मोजतात, बाकीचा हिशेब संगणक करतो. त्याआधी कामगाराला दोन गोष्टी विचारतात: काम किती वेळ चाललं होतं, आणि अंगावर कापडाचे थर किती होते. कण आणि कातडी यांच्यामधलं ते अंतरच पुन्हा कामाला येतं.