ढकलणारी चाकं, ओढणारी चाकं
कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला मागची चाकं ढकलायची. 1990 ला आलेल्या मारुती 1000 सेडानला पुढची चाकं ओढायची. हा बदल मुख्यतः जागा आणि खर्च वाचवायला झाला: इंजिन आडवं, लांब शाफ्टला सुट्टी. सेफ्टी जोडीला आली. इंजिनाचं वजन ओढणाऱ्या चाकांवरच, म्हणून ओल्या रस्त्यावर पकड चांगली. निसरड्या वळणावर ॲक्सिलरेटर जास्त झाला, तर मागच्या ड्राइव्हची शेपूट बाहेर जाते, पुढच्याचं नाक. पाय हळूच उचलला की नाक बहुधा परत वळतं. शेपूट सावरायला सराव लागतो. पण ब्रेक दोन्हींत चारही चाकांनाच लागतो! म्हणून पावसाळ्यात घाटात निघताना मी आधी टायर बघतो. दोनच नवे घेतले, तर मागे लावा. ड्राइव्ह कुठलीही असो, शेपूट जागेवर राहील.