चाकावरच्या मेणबत्त्या

हाम्बुर्गच्या सांक्ट गेओर्ग भागात १८३२च्या सुमारास एक तरुण ल्यूथरन शिक्षक गरिबांच्या कोंदट खोल्यांत जाऊ लागला. योहान हिन्रिख विखर्न रविवारच्या शाळेत शिकवायचा. पण मुलांची खरी ओळख त्याला घरीच झाली. भूक, दारू, आजारपण. चर्चच्या घंटेशी या घरांचा संबंध जवळपास तुटलेला होता.

लोक चर्चकडे येत नसतील, तर चर्चनेच त्यांच्याकडे जावे, हे त्याने ओळखले. १८३३ साली हॉर्न गावातल्या एका जुन्या घरात त्याने निराधार मुलांसाठी ‘राउहेस हाउस’ सुरू केले. एकाच मोठ्या वसतिगृहाऐवजी मुले लहान ‘कुटुंबां’त राहत, हातकाम शिकत. ही कल्पना त्या काळी फार धाडसाची होती.

नाताळ कधी, असे मुले सारखी विचारत. म्हणून १८३९ साली विखर्नने लाकडी चाकावर मेणबत्त्या बसवल्या: रोजच्या लहान लाल, रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या. घराघरांतल्या आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या आठवड्यांच्या, वर्तुळाकार तोरणाचे मूळ तेच.

१८४८च्या क्रांतिवर्षात, ल्यूथरची समाधी असलेल्या विटेनबर्गमध्ये तो कळकळीने बोलला: श्रद्धेइतकीच सेवाही चर्चची आहे. त्यातूनच ‘अंतर्गत मिशन’ची, म्हणजे देशातल्याच गरजूंसाठीच्या चर्चच्या सेवाकार्याची, मध्यवर्ती समिती उभी राहिली. आजची जर्मन ‘डियाकोनी’ ही सेवासंस्था तिचीच वारसदार.