नरकद्वाराआडचे बंदर

टास्मानियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील स्ट्राहन हे चिमुकले बंदर आज हवापालटासाठी प्रसिद्ध आहे. तेथून प्रवासी मॅक्वारी खाडीतून गॉर्डन नदीकाठच्या निबिड अरण्यात नौकाविहारास जातात. वाटेत सारा बेट लागते. १८२२ ते १८३३ या काळात हे बेट म्हणजे इंग्रज सरकारचे काळे पाणीच होते. खाडीच्या अरुंद मुखाचे नावही ‘नरकद्वार’! बंदिवानांस कोंडण्यास तटाची गरज नव्हती. अरण्य हाच तट होता. पळालेल्यांपैकी बहुतेकांचा रानातच अंत झाला. तथापि, सहसा न कुजणाऱ्या ह्यूऑन पाइनच्या लाकडाची उत्तम जहाजे याच बंदिवानांनी बांधली. त्यांतले शेवटचे ‘फ्रेडरिक’ १८३४ मध्ये पळवून दहा जणांनी थेट चिलीचा किनारा गाठला.

पुढे गॉर्डन नदीवर धरण बांधून हे अरण्य बुडविण्याचे ठरले, तेव्हा १९८२ च्या डिसेंबरात स्ट्राहन हेच सत्याग्रहाचे ठाणे झाले. १,२०० हून अधिक लोकांस अटक झाली. अखेर जुलै १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने धरण थांबले. ज्या अरण्यात माणसांस शिक्षा म्हणून धाडीत, त्याच अरण्यासाठी माणसांनी दीडशे वर्षांनी आपण होऊन कारावास पत्करला. प्रवाशाच्या नेत्रांस सुखविणारी वनश्री उरली आहे, ती त्यांच्यामुळे.