संगणकीय आरेखने आणि फाइलींची शिस्त

अभियांत्रिकी उत्पादनांची आरेखने आता प्रामुख्याने संगणकावरील फाइलींमध्ये साठवली जातात. या फाइली, त्यांच्या आवृत्त्या आणि संबंधित माहिती सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला 'प्रॉडक्ट डेटा मॅनेजमेंट' अर्थात पीडीएम प्रणाली म्हणतात.

साध्या फोल्डरमध्ये हे काम भागत नाही. यंत्राच्या संपूर्ण जुळणीच्या फाइलीत सामान्यतः प्रत्येक सुट्या भागाचे आरेखन नसते. ते कोणत्या फाइलीत आहे याचा केवळ निर्देश असतो. एखाद्या बोल्टच्या फाइलीचे नाव परस्पर बदलले, तरी जुळणीत तो भाग सापडेनासा होतो. दोन अभियंत्यांनी एकाच वेळी एकच फाइल दुरुस्त केली, तर नंतर साठवणाऱ्याचे काम टिकते आणि आधीच्याचे पुसले जाते. पीडीएममध्ये फाइल 'चेक-आउट' केल्यावर ती इतरांना केवळ पाहता येते. 'चेक-इन' होताच नवी आवृत्ती नोंदवली जाते. मंजुरी मिळालेले आरेखनच कारखान्यात जाते आणि त्यानंतरच्या बदलासाठी स्वतंत्र आदेश लागतो. अभियंत्यांना ही पद्धत अनेकदा जाचक वाटते, हेही खरे.

माहितीचा मेळ न बसल्यास काय घडते, हे एअरबसच्या ए-३८० या महाकाय प्रवासी विमानाच्या बाबतीत दिसून आले. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर लांबीच्या तारा होत्या. फ्रान्स आणि ब्रिटनमधील केंद्रे 'कॅटिया' या आरेखन सॉफ्टवेअरची पाचवी आवृत्ती वापरत होती, तर जर्मनी आणि स्पेनमधील केंद्रे चौथी. दोन्ही आवृत्त्या एकाच कंपनीच्या. तरीही त्यांतील माहितीची देवाणघेवाण निर्दोष नव्हती. हॅम्बर्गहून आलेले तारांचे जुडगे तुलूज येथील जुळणीच्या वेळी काही ठिकाणी आखूड पडले. अ‍ॅल्युमिनियमच्या तारांना वळणासाठी लागणाऱ्या जास्त जागेचाही हिशेब चुकला होता.

जून २००६ मध्ये विलंबाची घोषणा होताच एअरबसच्या मूळ कंपनीचा, म्हणजे ईएडीएसचा, समभाग एका दिवसात सुमारे २६ टक्क्यांनी कोसळला. जुलैमध्ये एअरबसचे प्रमुख गुस्ताव्ह हुम्बर्ट यांनी राजीनामा दिला. जर्मन तंत्रज्ञांना तुलूज येथे आणून सुरुवातीच्या विमानांतील तारा हाताने बसवाव्या लागल्या. पहिले ए-३८० विमान सिंगापूर एअरलाइन्सला १५ ऑक्टोबर २००७ रोजी सुपूर्द करण्यात आले.