मुळशीची रात्र आणि मेक्सिकोचे झुडूप

मुळशी तालुक्याचे ठाणे जे पौड, तेथून नकाशावर साडेअठराव्या उत्तर अक्षांशाच्या रेषेवरून बोट पश्चिमेकडे नेत अरबी समुद्र, आफ्रिका खंड आणि अटलांटिक महासागर ओलांडला, तर ते मेक्सिकोतील तास्को या चांदीच्या खाणींच्या जुन्या गावापाशी जाऊन टेकते. आणि पॉइन्सेटिया नावाचे जे तांबड्या पानांचे झुडूप नाताळच्या सुमारास पुणे-मुळशीकडच्या बंगल्यांच्या आवारांत दृष्टीस पडते, त्याचे मूळ वसतिस्थान त्याच तास्कोच्या आसपासचे डोंगरउतार होत. तास्को पौडपेक्षा पुष्कळ उंचावर असल्यामुळे हवेत फरक आहे हे खरे. परंतु दोन्ही मुलखांत जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस पडून हिवाळा कोरडा जातो, आणि याहून महत्त्वाचे म्हणजे दोन्ही ठिकाणची रात्र वर्षभर एकाच प्रमाणाने वाढते व घटते. या झुडपाच्या बाबतीत रात्रीच्या लांबीइतके महत्त्व दुसऱ्या कशालाच नाही.

कारण ज्यांना आपण त्याची फुले समजतो ती फुले नसून पाने असतात. खरी फुले त्या तांबड्या चक्राच्या मध्यभागी पिवळसर मण्यांसारखी बसलेली असतात, आणि ती धरण्यास व भोवतालची पाने रंगण्यास सुमारे बारा तासांहून दीर्घ अशी अखंड काळोखाची रात्र ओळीने कित्येक आठवडे लाभावी लागते. मुळशीत अशी रात्र दसऱ्याच्या आगेमागे सुरू होते. आंबेमोहोराची कापणी आटोपून खाचरे मोकळी होतात त्या वेळी शेंड्याची पाने रंगू लागतात, आणि मार्गशीर्षात, रात्र तेरा तासांची झाली म्हणजे, आठ-दहा फुटांचे झाड तांबडे होऊन फेब्रुवारीपर्यंत तसेच राहते. यात माळ्याचे कर्तृत्व फारसे नाही. रंग सरल्यावर फांद्या छाटाव्यात, चीक वाळू देऊन कांड्या पावसाळ्याच्या तोंडावर लावाव्यात आणि मुळांशी पाणी तुंबू देऊ नये, एवढेच काय ते त्याच्याकडे उरते.

मेक्सिकोचे प्राचीन रहिवासी या पानांपासून रंग काढीत आणि चीक तापावर औषध म्हणून वापरीत. पुढे सतराव्या शतकात तास्कोच्या आसपास वसलेल्या फ्रान्सिस्कन जोग्यांनी, नेमके येशूजन्माच्या दिवसांत हे झुडूप रंगते असे पाहून, त्याला उत्सवाच्या मिरवणुकीत स्थान दिले, आणि तेव्हापासून नाताळाशी त्याची जी गाठ पडली ती पडलीच. १८२८ च्या सुमारास अमेरिकेचे मेक्सिकोतील पहिले वकील जोएल रॉबर्ट्स पॉइन्सेट यांनी त्याची रोपे स्वदेशी धाडली, आणि १८२९ साली फिलाडेल्फियाच्या पुष्पप्रदर्शनात ते लोकांपुढे आले. हे गृहस्थ यजमान देशाच्या राजकारणात इतके हात घालीत, की त्याच साली अध्यक्ष ग्वेरेरो यांच्या सरकारने त्यांना परत बोलावण्याची मागणी केली. आणि आज तास्को ज्या प्रांतात मोडते त्या प्रांताला ग्वेरेरोंचे नाव असले, तरी तेथल्या झाडाच्या रूढ इंग्रजी नावात पॉइन्सेट यांचेच नाव आहे. झाडांच्या नामकरणात न्यायान्याय पाहण्याची वहिवाट नाही.

योगायोग असा, की त्याच १८२८ साली, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, मुळशीच्या डोंगरांतून निघालेल्या मुळेला पवना जेथे मिळते त्या दापोडीपाशी सरकारी वनस्पती-उद्यान स्थापन झाले. पुढे मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झालेले डॉ. अलेक्झांडर गिब्सन या उद्यानाचे अधीक्षक होते. दापोडीमागून गणेशखिंडीचे उद्यान आले. शिवाय पुण्यात एम्प्रेस गार्डन होतेच, आणि साहेबांच्या बंगल्यांतून वकील-डॉक्टरांच्या बंगल्यांत परदेशी शोभेची झाडे गेली ती बहुतांशी अशा बागांच्या आणि तेथे तयार झालेल्या माळ्यांच्या द्वारे.

येथे एक प्रश्न विचारण्याजोगा आहे. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोचा, हारातला निशिगंध मेक्सिकोचा आणि देवळाच्या आवारातला देवचाफाही त्याच बाजूचा; ही मंडळी देवघरापर्यंत पोचली, मग पॉइन्सेटिया बंगल्याच्या फाटकातच का अडला? माझ्या मते त्याला परकेपणा नडला नाही, गुण नडले. त्याला सुवास नाही; तोडले तर देठातून पांढरा चीक गळतो आणि पाने लौकर माना टाकतात; दोऱ्यात ओवावे असे त्यात काही नाही. कुंपणाच्या निवडुंगाचे आणि शेराचे ते भाऊबंद आहे हे त्या चिकावरून ओळखू येते, आणि निवडुंगाच्या कुळातले रोप आपल्याकडे दाराबाहेर लावतात, देव्हाऱ्यात नेत नाहीत.

थंड देशांत मात्र या झुडपाला घराबाहेर जागाच नाही. दहा अंशांखालच्या थंडीत त्याची पाने गळतात, म्हणून ते काचघरात वाढवून कुंडीत विकावे लागते. गेल्या शतकाच्या आरंभी दक्षिण कॅलिफोर्नियात एक्के नावाच्या जर्मन कुटुंबाने उघड्या शेतांत त्याची लागवड करून त्याचा मोठा व्यापार उभारला आणि १९६० नंतर तोच व्यापार काचघरांत नेला. आजच्या कुंडीतील ठेंगणे, भरगच्च रूप निसर्गाने दिलेले नव्हे: उंची औषधे मारून खुंटविलेली असते, आणि फांद्यांची दाटी, १९९० नंतरच्या दशकातील संशोधनाने दाखविल्याप्रमाणे, फायटोप्लाझ्मा नावाच्या एका सूक्ष्म जीवाच्या संसर्गाची करणी असते. म्हणजे ग्राहक ज्याला सुदृढ रोप समजून किंमत मोजतो, ते खरे पाहता रोगी असते. अशी कुंडी पुढच्या वर्षी पुन्हा रंगावी अशी ज्यांची हौस असते, त्यांना दिवाणखान्यातले दिवे रात्री उशिरापर्यंत जळत असल्यामुळे ऑक्टोबरपासून रोज संध्याकाळी ती खोक्याखाली झाकून सकाळी उघडावी लागते. बहुतेक लोक तो खटाटोप न करता जानेवारीत कुंडी फेकून देतात.

दिव्यांचा हा उपद्रव सांगताना मुळशीचे नाव दुसऱ्याच कारणाने पुढे येते. नीला-मुळेच्या संगमाजवळ टाटा कंपनीने धरण बांधावयास घेतले तेव्हा मुळशी पेट्यातील बावन्न गावांच्या जमिनी धोक्यात आल्या, आणि १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, सत्याग्रहास आरंभ झाला. विनायकराव भुस्कुटे, सेनापती बापट आणि त्यांचे मावळे सहकारी १९२४ पर्यंत झगडले, तुरुंगात गेले, आणि तरीही धरण झाले. पूर्वेकडे वाहणाऱ्या मुळेचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून नळांवाटे पश्चिमेस भिऱ्याकडे उतरविण्यात आले, आणि तेथे १९२७ पासून निघू लागलेल्या विजेवर मुंबईच्या गिरण्या व दिवे चालू लागले. ज्या वनस्पतीला अखंड काळोखावाचून रंग चढत नाही, तिला रस्त्याच्या दिव्याखाली लावले तर डिसेंबरातही ती हिरवीच राहते. मुळशीची गावे बुडवून मुंबईस जो उजेड गेला, त्या उजेडात मुळशीच्या अक्षांशावरचे हे झुडूप रंगत नाही.

अलीकडे तोच उजेड मुळशीतही आला आहे. जलाशयाच्या काठी आणि पौड रस्त्याच्या दुतर्फा जी शेतघरे उभी राहिली, त्यांची कुंपणे रात्रभर दिव्यांनी उजळलेली असतात, आणि एकाच झाडाची घरामागच्या अंधाराकडील बाजू तांबडी तर दिव्यासमोरची हिरवी असा प्रकार घडला, की मालक खताला किंवा मातीला दोष देतो. तेथे बटण बंद करणे हाच उपाय आहे. नाताळात आणलेली ठेंगणी कुंडी मात्र येथे फेकण्याचे कारण नाही: उन्हाळ्यात छाटून, पहिल्या पावसात, निचऱ्याच्या जागी ती जमिनीत उतरविली म्हणजे औषधाचा अंमल ओसरतो, आणि दोन पावसाळ्यांत ते रोप माणसाच्या डोक्यावर जाते, म्हणून लावतानाच भिंतीपासून चार हात जागा सोडावी.